विमलमावशीचा सात नंबर

विमलमावशी फोनवर हॅलो म्हणत नसे. सकाळी सहा-सव्वासहाला फोन वाजायचा, मी झोपेतच उचलायचो आणि पलीकडून एकच शब्द यायचा. "जेवले." किंवा "उपाशी." की फोन बंद. एकदा माझी बहीण महिनाभर पाहुणी आली होती, तिनं तो फोन घेतला आणि घाबरीघुबरी होऊन मला उठवलं. "दादा, कोणीतरी बाई म्हणतेय उपाशी. कोण उपाशी आहे?"

मी कूस बदलून म्हटलं, "लांडगे." बहिणीनं त्या दिवसापासून माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला सुरुवात केली.

विमल रामटेके हे तिचं पूर्ण नाव. मूळची भंडाऱ्याकडची. नागपूरला नर्सिंग शिकली आणि सत्तरच्या दशकात, आम्ही इंजिनिअर मंडळी पाळण्यात होतो तेव्हा, एकटी अमेरिकेत आली. फिनिक्सच्या एका हॉस्पिटलात तिनं अठ्ठावीस वर्षं आयसीयूत काढली. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "ड्युटी बदलून कोणी देत नव्हतं ना बाप्पा." २००१ मध्ये ती रिटायर झाली आणि त्याच वर्षी मी पुण्याहून फिनिक्सजवळच्या चँडलरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आलो, तिच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात. पहिला आठवडाभर मी तिला अहो-जाहो केलं. "मी काय तुझी डीन आहे का?" म्हणाली. तेव्हापासून ती 'ती' झाली.

रिटायर झालेली आपली माणसं तिकडं बाग करतात, नातवंडं सांभाळतात, महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीत भांडतात. मावशीनं लांडगे धरले.

चँडलरहून पूर्वेला साडेचार तास गाडी हाकली की वाळवंट संपतं, कॅक्टस मागे पडतात आणि पाइनचे डोंगर सुरू होतात. तिथले लांडगे माणसांनी कधीच मारून संपवले होते. पिंजऱ्यात वाढवलेले काही तिथं पुन्हा सोडले होते, आणि ते जगतात की नाही, काय मारतात, काय खातात हे बघायला सरकारी खात्याला माणसं हवी होती. फुकट राबणारी मिळाली तर फारच बरं. मावशीनं तिथं एक लाकडी केबिन भाड्यानं घेतली. एप्रिल ते नोव्हेंबर ती डोंगरात, आणि शनिवार-रविवार मी तिचा ड्रायव्हर. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता, उतरत्या उन्हात कच्चा रस्ता दिसत नसे. ते ती कबूल करत नसे. "रस्ताच मळकट आहे," म्हणायची.

तिच्या कळपात नऊ लांडगे होते. खात्यानं प्रत्येकाला लांबलचक नंबर दिले होते. मावशीनं ते बाजूला ठेवून आपले खाटेचे नंबर दिले. एक नंबर म्हणजे कळपाचा बाप, दोन नंबर आई, मग पुढं वयाप्रमाणं. नाव द्यायला तिचा सक्त विरोध. "वॉर्डात पेशंटला नावानं हाक मारायला लागलं ना, की तो सुट्टीच्या दिवशी पण डोक्यात येऊन बसते," म्हणायची. नंबरानं हाक मारलेले डोक्यात बसत नाहीत, असं तिला खरंच वाटत होतं.

पाच जणांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे होते. मावशी टेकडीवर उभी राहून अँटेना डोक्यावर धरायची आणि हळूहळू फिरवायची. कानात हेडफोन, छातीवर पिनेनं उलटं अडकवलेलं नर्सचं घड्याळ. ज्या दिशेला जनावर असेल तिकडं अँटेना वळली की टकटक ऐकू यायची. तिला ती नाडीच म्हणायची. जनावर हिंडतंफिरतं असलं की टकटक संथ, आणि कित्येक तास हललंच नाही, म्हणजे बहुतेक मेलं, की दुप्पट वेगानं. "माणसाच्या उलटं," ती म्हणायची. "मेल्यावर पळते."

२००३ च्या उन्हाळ्यात एकदा तिनं चार नंबरची नाडी मोजली आणि काही न बोलता हेडफोन माझ्या कानाला लावला. टकटकटकटक. आम्ही दोन तास चढ चढत गेलो. ती पुढं, मी धापा टाकत मागं. वाटेत ती एकदाच बोलली, "घाई नको करू, आता घाईनं काय होते?" आणि स्वतः मात्र पळत होती. शेवटी एका पडलेल्या झाडाखाली पट्टा सापडला. नुसताच पट्टा. चावून चावून तोडलेला, कातड्यावर बारीक दातांचे ठसे. खेळता खेळता त्या वर्षीच्या पिल्लांनी आपल्या मावशीच्या, म्हणजे चार नंबरच्या, गळ्यातला पट्टा कुरतडून काढला होता. माझी मावशी त्या झाडाच्या खोडावर बसली आणि पट्ट्याला म्हणाली, "मेल्या, जीव घेत होता माझा." मग तिनं वहीत वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं आणि अक्षर वाकडंतिकडं आलं म्हणून पुन्हा एकदा सुवाच्य लिहिलं.

ती वही म्हणजे तिचं सर्वस्व. कोण कुठं झोपलं, कोण लंगडतंय, शिकार झाली की हुकली, हुकली तर कोणामुळं. हुकण्याचं प्रमाण भयंकर होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, एक लाथ बसली तर लांडग्याची बरगडी जाते. पहाटे कळप निघायचा आणि बहुतेक वेळा दोन-तीन तासांनी जिभा बाहेर काढून हात हलवत परत यायचा. आम्ही समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीनं बघायचो. मावशी कुजबुजत सांगायची. "एक नंबर वरून गेला. दोन नंबर दबून बसली, पाहून राहिला ना? आता तीन आणि चार त्यांना पळवणार. श्वास धर." मी खरंच धरायचो. कळप एल्कच्या मागं सुटला की माझी बोटं दुर्बिणीच्या तिकाटण्यावर आवळली जायची, आणि कोणाच्या बाजूनं असावं ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मावशीचं ठरलेलं होतं. पिल्लांना दोन दिवसांत काही मिळालेलं नाही हे तिला पाठ असायचं.

आणि अशा वेळी, सगळं जमून आलेलं असताना, भलत्याच बाजूनं सात नंबर उगवायचा. वर्षाचं पोर. पाय लांब, अक्कल आखूड. तो एल्कच्या समोरूनच धावत यायचा, एल्क उधळायचे आणि नऊ जणांची न्याहारी डोंगरापलीकडं जायची. "आला, आला मुडदा," मावशी कपाळाला हात लावायची. वहीत लिहायची, 'शिकार हुकली. कारण: सात.' असं २००४ च्या उन्हाळ्यात मी किती वेळा वाचलं असेल. एकदा मी म्हटलं, "मावशी, ह्या सातला काढून टाक ना वॉर्डातून." ती माझ्यावर अशी उखडली की दुपारपर्यंत चहा मिळाला नाही.

तिचे नियम कडक. साबण बिनवासाचा. पावडर, सेंट, डोक्याला तेल बंद. वाऱ्याच्या खालच्या बाजूलाच बसायचं. खायचं ते गाडीत, काचा वर करून. चहा दगडावर सांडला तर दगड धुवायचा. तिचा एकच अभिमान होता आणि तो ती कोणालाही ऐकवायची. "तीन वर्षं झाली. मी त्यांना रोज पाहते, त्यांना ठाऊकच नाही की मी आहे."

त्याच वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास मी तो अभिमान घालवला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझे वडील गेले. व्हिसाचे कागद अडकले होते, वकील म्हणाला आता देशाबाहेर गेलात तर परत येता येईल की नाही सांगता येत नाही. मी गेलो नाही. फोनवर अग्नी दिल्याचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. कोणाला सांगितलं नाही, मावशीलाही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आईचा फोन आला, "पान तरी ठेव रे. कावळ्यानं शिवलं म्हणजे मला बरं वाटेल." आता चँडलरमध्ये कावळा कुठून आणायचा? तिथं पार्किंगमध्ये काळे चकचकीत पक्षी असतात, पण ते कावळे नव्हेत, आणि बाबा असल्या बाबतीत फार काटेकोर होते. डोंगरात मात्र डोमकावळे होते. मावशीनंच सांगितलं होतं, की ते कळपाच्या मागं मागं असतात, शिकारीतलं उरलंसुरलं खायला.

तेवढंच मी ऐकलं. पुढचं डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी मावशी अँटेना घेऊन पलीकडच्या टेकडीवर गेली. मी गाडीतून डबा काढला. एका सपाट दगडावर कागदी पत्रावळ मांडली. भात, वडे, खीर आणि बाबांच्या आवडीचं सुकं मटण. आमच्याकडं चालतं. भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. तीन डोमकावळे येऊन फांदीवर बसले, पण खाली येईनात. आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते मला माहीत होतं. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर त्याचं वचन द्यायचं. मी म्हटलं, "बाबा, मी आलो नाही. आईला इकडं आणीन. पुढच्या वर्षी नक्की येईन." कावळे बसलेलेच. मग मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

झाडीतून सात नंबर आला.

माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. त्यानं मला पाहिलं, दगड हुंगला आणि खायला लागला. मटण, वडे, खीर, सगळं. पत्रावळ चाटून पुसून साफ केली. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. कोणीतरी आलं होतं, कोणीतरी जेवलं होतं. मी मागं वळलो तर मावशी उभी. कानात हेडफोन होते. सातच्या नाडीच्या मागं मागं ती तिथवर आली होती.

सात नंबरनं तोंड चाटलं, आमच्या दोघांकडं पाहिलं आणि रमतगमत झाडीत गेला.

"चालत गेला," मावशी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "पळाला नाही. चालत गेला."

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "कोण गेलं?"

"बाबा. एप्रिलमध्ये."

"आणि काहून नाही सांगितलं मला? भिंतीपलीकडं राहते ना मी?" तिनं हेडफोनची वायर गुंडाळली. मग म्हणाली, "आमच्या घरी हे काही करत नाहीत. मी मानत नाही. पण तू मानतोस, तर ठीक आहे, तुझं पान पोचलं. मात्र त्या पोराला आता समजलं, की माणसापाशी आयतं भेटते. कळून राहिलं तुला? ज्यानं आजवर एक शिकार धड केली नाही, त्याला हे समजलं."

त्याच संध्याकाळी तिनं खात्यातल्या डेलला फोन केला. डेल म्हणजे त्या लांडग्यांची जबाबदारी असलेला अधिकारी, थोराड शरीराचा, हळू बोलणारा माणूस. मी बाजूलाच उभा होतो. तिनं सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. अन्न कोणी ठेवलं ते विचारल्यावर ती म्हणाली, "माय मिस्टेक, डेल. माझ्या कॅम्पमधलं होतं." मी तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडं न बघता हात वर केला. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

डेल रागावला नाही, तेच वाईट होतं. एल्कच्या शिकारीचा मोसम दोन आठवड्यांवर आला होता. मग रानभर शिकाऱ्यांचे तंबू पडणार, प्रत्येक तंबूबाहेर मांस टांगलेलं असणार. ह्याला माणसाची भीती राहिली नसेल तर तो तिथं जाणार. गेला की कोणीतरी घाबरून गोळी घालणार, नाहीतर खातं पकडून त्याला पिंजऱ्यात टाकणार. पकडलेला पुन्हा बाहेर येत नाही. डेलनं एवढंच सांगितलं, "मोसम सुरू होईपर्यंत बघू, विमल. त्यानंतर माझ्या हातात नाही."

चार दिवसांनी सकाळी सहाला फोन वाजला. "जेवले"ही नाही आणि "उपाशी"ही नाही. "तंबूपाशी गेला," मावशी म्हणाली. "पोरंबाळं होती तिथं. कूलर ओढत होता." मी मॅनेजरला सांगितलं की घरात इमर्जन्सी आहे, दहा दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

मावशीचा बेत साधा होता. ज्या वासानं त्याला बोलावलं त्याच वासानं हाकलायचं. त्याच दगडापाशी मी तेच मटण त्याच मसाल्यात शिजवायचं. खायला कणभर मिळू द्यायचं नाही. तो आला की आरडाओरडा, पातेलं बडवणं आणि दगड. डेलनं एवढ्याला परवानगी दिली होती. मी म्हटलं, "चूक माझी, दगड मी मारतो."

"तू?" ती म्हणाली. "तुझ्या आवाजानं मांजर तरी उठते का जाग्यावरून? पुण्याचे तुम्ही, त्याला सॉरी म्हणशील." मग हसू आवरून म्हणाली, "मीच करते. हात माझा पक्का आहे. रडणाऱ्या पोराला सुई टोचताना कधी थांबला नाही."

तिनं लिंबाएवढे दगड वेचून ढीग केला. मी कांदा परतला. मग आम्ही बसलो. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. टकटक दूर, कधी डावीकडून, कधी अजिबात नाही. खालच्या रस्त्यावरून शिकाऱ्यांचे ट्रक यायला लागले होते. प्रत्येक ट्रकचा आवाज आला की मावशी मनाशी मोजायची आणि मी पळीनं मटण ढवळायचो.

तिसऱ्या दुपारी टकटक मोठी व्हायला लागली. मावशीनं आवाज कमी केला, तरी मोठी. पुन्हा कमी केला. मग तिनं हेडफोन काढूनच ठेवले आणि दगड उचलला.

तो त्याच वाटेनं आला आणि वीस पावलांवर थांबला. उन्हात उभा, मान जरा तिरकी. मावशीचा हात वर होता. मी वाट बघत होतो. हात वरच राहिला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटी मीच पातेलं बडवलं, तेही उशिरा आणि हळू. सात नंबर दोन पावलं मागं सरला आणि चक्क खाली बसला. आमची गंमत बघून झाल्यावर उठून चालता झाला.

मावशी दगड हातात धरूनच खाली बसली. "इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं त्याला," ती म्हणाली. "उजव्या कानाला चीर आहे रे. माझ्या वहीत नाही ते." तिनं वही काढून ते लिहिलं. मग वही बाजूला टाकली आणि स्वतःवर अशी चिडली की त्या दिवशी जेवली नाही. "तीन दिवस राहिले," एवढंच म्हणत होती. "तीन दिवस राहिले आणि मी त्याचा कान पाहून राहिली."

पुढचे दोन दिवस तो फिरकला नाही. शेवटच्या दिवशी सकाळपासून वारा त्याच्याकडं वाहत होता. समोरच्या उतारावर एक तंबू लागलेलाही होता. मी कालच्यापेक्षा जास्त मसाला घातला. टकटक आली ती थेट, न थांबता, कामाला निघाल्यासारखी. सात नंबर ह्या वेळी चालत नव्हता, उड्या मारत येत होता. कान उभे, आपल्या घरी आल्यासारखा.

मावशी उठली. "हाऽऽट! निघ! निघ मेल्या इथून!" असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भंडाऱ्याच्या शेतात रानडुक्कर हाकताना ओरडतात तसा. पातेलं बडवत, साठीला टेकलेल्या गुडघ्यांनी ती सरळ त्याच्या अंगावर धावून गेली. पहिला दगड चुकला. दुसरा बरगडीवर बसला, तो केकाटला, गर्रकन वळला, दहा पावलं पळाला. आणि थांबला. थांबून त्यानं मागं वळून पाहिलं. कोण आहे हे, असं.

तिसरा दगड तिनं त्या बघण्यावर मारला. तो नाकाडावर लागला. मग मात्र तो जीव घेऊन सुटला. मावशी त्याच्या मागं पळत होती, पडली, उठली, गुडघा फुटला तरी ओरडत राहिली, घसा बसेपर्यंत. तो झाडीत दिसेनासा झाल्यावर पण ती पातेलं बडवतच होती. मी जाऊन तिचा हात धरला.

तिला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. बसलेल्या आवाजात तिनं विचारलं, "मागं पाहिलं का पुन्हा?"

"नाही मावशी. नाही पाहिलं."

"खरं सांगून राहिला?"

"खरं."

पातेल्यावर डोकं टेकून ती रडली. मी तिला अठ्ठावीस वर्षांच्या आयसीयूच्या गोष्टी सांगताना ऐकलं होतं, पण रडताना पहिल्यांदा पाहिलं. "आता ओळखून गेला मला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोसम सुरू झाला. माझी रजा संपली, मी चँडलरला परतलो. पाच दिवस फोन आला नाही. सातची नाडीच कुठं लागत नव्हती, संथही नाही आणि दुप्पटही नाही. ऑफिसात मी स्क्रीनकडं बघत बसायचो आणि काय ऐकायला लागेल त्याची तयारी करायचो. सहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"जेवले," मावशी म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं पुढं काही जोडलं. "सात पण. तंबूबिंबू सगळे सोडून दोन डोंगर पलीकडं." मग फोन बंद.

पुढची तीन वर्षं मी आणखी काय काय पाहिलं, ते सांगत बसत नाही. सात नंबर शिकार शिकला. उशिरा शिकला, पण शिकला, आणि स्वतःचा कळप करून बसला. मावशीनं त्याचा नंबर बदलला नाही. तिचे डोळे मात्र गेले. २००७ च्या ऑक्टोबरात तिला माणसाचा नुसता आकार दिसत होता. नागपूरहून भाची घ्यायला येणार होती, तिकीट झालं होतं. "एकदा वर नेऊन आण," म्हणाली.

आम्ही पहाटे टेकडीवर जाऊन बसलो. वारा खालून आमच्याकडं वाहत होता, अगदी तिच्या नियमाप्रमाणं. दुर्बीण माझ्याकडं होती आणि आता कुजबुजत सांगायचं काम माझं होतं. ती मांडीवर वही घेऊन बसली होती, उगीचच, सवयीनं. सातचा कळप कुरणाच्या कडेनं निघाला. समोर एल्क चरत होते. "दोघं वरून गेले," मी सांगत होतो. "मादी दबून बसलीय. सात नंबर मध्ये. पुढं येत नाहीये मावशी, थांबलाय. अगदी बरोबर थांबलाय."

"श्वास धर," ती म्हणाली.

तेवढ्यात माझ्या मानेला गार लागलं. वारा फिरला होता. आमच्याकडून त्यांच्याकडं. मी सांगायच्या आधीच मावशीला कळलं होतं, तिनं माझं मनगट पकडलं. खाली सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"कोण पळालं आधी?" तिनं विचारलं.

मी दुर्बीण घट्ट धरली. उजव्या कानाला चीर. "सात," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी सात. पिल्लांना पुढं घालून पळतोय."

"मागं पाहिलं?"

"नाही."

कळप झाडीत शिरला, एल्क दुसऱ्या बाजूला गेले, कुरण रिकामं झालं. शिकार हुकली होती, आणि ह्या वेळी कारण आम्ही होतो. मावशीनं पेन माझ्या हातात दिलं. "लिही," म्हणाली. "सात नंबर. माणसाचा वास आला, पळाला."

मी लिहिलं.

"वाच."

मी वाचलं.

वही तिनं माझ्या हातातून घेतली, त्या ओळीवर बोट फिरवलं, जणू हाताला लागणार होती, आणि वही परत माझ्यासमोर धरली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.